एका शितावर अल्बमचा निकाल

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण रॉक ऐकणाऱ्यांच्या तोंडी फार बसली आहे. आवडत्या बँडचा अल्बम यायला महिना-दीड महिना बाकी असतो, त्यातलं एक गाणं आधी बाहेर येतं, ते ओळखीच्या वळणाचं नसतं, आणि संध्याकाळी ठाण्यातल्या उपवन तलावाच्या कठड्यावर बसलेल्या घोळक्यात निकाल जाहीर झालेला असतो. बँड संपला. विकला गेला. गिटार कुठाय? ओरडणं कुठाय? ‘अरे, अल्बम तर येऊ द्या’ असं कोणी म्हटलंच, तर ही म्हण पुढे केली जाते. एक शीत दाबून पाहिलं, भात कळला. पातेलं कशाला उपसायचं?

वर्तकनगरात राहून, याच पोरांमध्ये बसून मी हे वाद ऐकतो आणि हा निकाल मला मान्य नाही. तो घाईचा आहे हे तर आहेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो चुकीच्या समजुतींवर उभा आहे, आणि त्याची किंमत लॉस एंजेलिसच्या श्रीमंत कलाकारांना मोजावी लागत नाही. ती आपल्या शेजारच्या इमारतीतली, भाड्याच्या खोलीत तासाच्या हिशेबाने सराव करणारी पोरं मोजतात.

म्हणीपासून सुरुवात करू. भाताची शितं एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतात, म्हणून एक दुसऱ्याची साक्ष देऊ शकतं. अल्बममधली गाणी अशी एकसारखी शिजत नाहीत. अल्बम क्रमाने मांडलेला असतो. त्यातलं एखादं गाणं दार उघडायला असतं, एखादं मध्ये श्वास घेता यावा म्हणून ठेवलेलं असतं, एखादं शेवटी सगळ्याचा भार उचलतं. त्यातलं कोणतं आधी बाहेर काढायचं हे ठरवताना ‘बाकीच्या गाण्यांचा नमुना कोणता’ एवढाच विचार क्वचितच होतो.

लिंकिन पार्कचं उदाहरण घेतो, कारण आज तिशी-चाळिशीत असलेल्या इथल्या अनेक रॉकप्रेमींची सुरुवात तिथून झाली. २००० सालचा ‘हायब्रिड थिअरी’ आणि २००३ चा ‘मीटिओरा’ या अल्बमांनी त्यांच्या कानांना एक सवय लावली होती: डिस्टॉर्शनची भिंत, माइक शिनोडाचं रॅप, चेस्टर बेनिंग्टनचं आतडं पिळवटून टाकणारं ओरडणं. ऑगस्ट २०१० मध्ये ‘द कॅटलिस्ट’ आलं. सिंथचा मारा, प्रार्थनेसारखी पुन्हापुन्हा येणारी ओळ, साडेपाच मिनिटांहून अधिक लांबी, आणि नेहमीच्या कडवं-ध्रुवपदाच्या घाटाला दिलेली रजा. चाहते दुभंगले. आमच्याकडेही ज्यांनी वह्यांवर बँडचं नाव कोरलं होतं त्यांनीच त्याला मूठमाती दिली.

अल्बम सप्टेंबरमध्ये आला, ‘अ थाउजंड सन्स’. पंधरा तुकडे, सुमारे अठ्ठेचाळीस मिनिटं, एकातून दुसऱ्यात वाहत जाणारी. ‘द कॅटलिस्ट’ त्यात चौदावं आहे. पण त्याचे शब्द अल्बमच्या पहिल्याच तुकड्यात, यंत्रातून बदललेल्या दूरच्या आवाजात ऐकू येतात. लगेच पुढे अणुबॉम्बचे शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यांचा प्रत्यक्ष आवाज येतो, भगवद्गीतेचा हवाला देणारा. अल्बमच्या नावातले हजार सूर्यही गीतेच्या अकराव्या अध्यायातले, विश्वरूपदर्शनातले. ज्ञानेश्वरीतला अकरावा अध्याय ज्याच्या घरात वाचला जातो, त्याला हे तेज आणि ही भीती वेगळी समजावून सांगावी लागू नये. मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण येतं. माणसाने स्वतःच्या संहाराची सोय करून ठेवली आहे, या एका भयाभोवती हा सगळा अल्बम फिरतो. ते सारं पार करून चौदाव्या जागी ‘द कॅटलिस्ट’ येतं तेव्हा पहिल्या मिनिटात पुटपुटलेली प्रार्थना पूर्ण आवाजात फुटते, आणि तिच्यानंतर अकूस्टिक गिटारवरचं साधं गाणं उरतं.

ऑगस्टमध्ये निकाल लावणाऱ्यांनी यातलं काय ऐकलं होतं? नाटकाचा शेवटचा प्रवेश पाहून त्यांनी पात्रांच्या वागण्याला विसंगत म्हटलं. तो अल्बम आजही न आवडणारे पुष्कळ आहेत, आणि ज्यांनी तो सलग ऐकून नाकारला त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते सहा आठवडे आधीच्या खात्रीशी.

नमुन्याचा तर्क किती फसवा आहे याचा याहून मोठा पुरावा १९६७ चा आहे. बीटल्सनी नव्या अल्बमसाठी काम सुरू केलं ते ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’पासून. वेगवेगळ्या लयीत आणि वेगवेगळ्या पट्टीत ध्वनिमुद्रित झालेले दोन तुकडे टेपचा वेग बदलून एकमेकांना जोडलेलं ते गाणं. फेब्रुवारी १९६७ मध्ये ते ‘पेनी लेन’सोबत बाजारात आलं. मार्चमध्ये अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवरच्या नाच-गाण्याच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात त्याची चित्रफीत दाखवून तिथल्या तरुण पोरापोरींना मत विचारलं गेलं. अनेकांना ते विचित्र वाटलं, कित्येकांचं लक्ष गाण्यापेक्षा चौघांच्या मिशांकडे गेलं, जुने बीटल्स राहिले नाहीत अशी हळहळ व्यक्त झाली. ब्रिटनमध्येही ही जोडी पहिल्या क्रमांकावर पोचली नाही, दुसऱ्यावर अडली. काही आठवड्यांनी ‘सार्जंट पेपर’ आला आणि त्यात ही दोन्ही गाणी नव्हतीच. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना ती अल्बममधून वगळल्याची पुढे खंत वाटत राहिली. मग त्या पोरांनी कोणत्या पातेल्यातलं शीत दाबलं होतं?

आता दुसरं म्हणणं. ‘पहिली प्रतिक्रिया प्रामाणिक असते. विचार करून आवडायला लागलेलं गाणं म्हणजे मनाची समजूत.’ हे ऐकायला बाणेदार वाटतं, पण कान असं काम करत नाहीत. ओळखीचं झालेलं आवडू लागतं, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्येच प्रयोगांनी दाखवून दिलं. म्हणजे जुनी गाणी ‘सहज’ आवडतात त्यातही शेकडो वेळा ऐकल्याचा वाटा असतो. दहा वर्षं घोटलेल्या गाण्याला एकदाच ऐकलेल्या गाण्यासमोर उभं करायचं आणि पहिलं जिंकलं म्हणून दुसरं कमअस्सल ठरवायचं, ही तुलना मुळातच समान नाही.

त्यात ती पहिली ऐकणी होतात कशी? कॅडबरी नाक्याच्या सिग्नलला, ठाणे स्टेशनच्या पुलावरच्या गर्दीत, फोनच्या उघड्या स्पीकरवर, अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात. बास गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा असतो. फोनच्या बारीक स्पीकरमधून दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही. नव्या वाटेचं गाणं बहुधा तिथेच, खालच्या थरात, स्वरांच्या पोतात आणि मधल्या शांततेत काहीतरी करत असतं. तो मजला तोडून ऐकायचं आणि मग ‘यात काही नाहीच’ म्हणायचं, याला प्रामाणिकपणा कसं म्हणायचं? बँडने त्या थरावर महिनोन् महिने घालवलेले असतात. आपण त्याला चांगला हेडफोन आणि सलग पंधरा मिनिटं देऊ शकतो. एवढी अपेक्षा जास्त नाही.

तिसरं म्हणणं सगळ्यात भावनिक आहे: ‘हा त्यांचा आवाज नाही.’ यामागचं प्रेम खरं आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. आवाज बँडला जन्मतः मिळत नाही. तो आधीच्या धाडसांतून तयार होतो, आणि ज्याला आज आपण मूळ म्हणतो तोही कधीतरी कोणाच्या तरी कपाळावर आठी उमटवून गेलेला असतो.

हे पाहायला परदेशात जायची गरज नाही. आपल्या नाट्यसंगीताकडे पाहा. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हा साकी, दिंडी, लावणीच्या चाली असलेली पदं होती. १९११ मध्ये ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या आणि ठुमरी-दादऱ्याच्या अंगाची, पूरबकडची गायकी मराठी प्रेक्षकांपुढे आली. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त केशवराव भोळे यांनी पदांची संख्या कमी केली आणि त्यांना भावगीताचा सुटसुटीतपणा दिला. १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’पासून जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपद पुन्हा नव्याने बांधलं. ते आटोपशीर झालं, शब्दाला जपू लागलं. दोनच वर्षांनी ‘लेकुरे उदंड जाली’मध्ये त्याच अभिषेकींनी पाश्चात्त्य वळणाच्या चाली दिल्या.

आता सांगा, यातलं ‘खरं’ नाट्यसंगीत कोणतं? संगीतभूषण राम मराठे आपल्या ठाण्याचे. त्यांच्या नावाने महापालिका दर वर्षी संगीत महोत्सव भरवते. १९६३ चं ‘मंदारमाला’ त्यांनी संगीतबद्ध केलं तेव्हा शास्त्रोक्त गायकीला पुन्हा रंगमंचाचा मध्य मिळाला, आणि पुढच्याच वर्षी ‘मत्स्यगंधा’ने वेगळी वाट धरली. दोन्ही वाटा एकाच काळात, एकाच प्रेक्षकासमोर जगल्या. एकीला मान द्यायला दुसरीला फितूर ठरवावं लागलं नाही. आज ज्या पदांना मैफलीत ‘जुनं ते सोनं’ म्हणून दाद मिळते, ती त्या त्या काळची नवी गाणी होती. त्या वेळच्या श्रोत्याने ‘हा आमचा आवाज नाही’ म्हणून दार लावून घेतलं असतं, तर आपल्याकडे सोनं म्हणायला १८८० च्या पुढे काही उरलं नसतं.

रॉकचा आवाजही असाच सरमिसळीतून घडला. १९६६ मध्ये बीटल्सच्या ‘लव्ह यू टू’वर अनिल भागवत यांचा तबला वाजला. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचाच जॉर्ज हॅरिसन मुंबईत येऊन फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेला. ‘द इनर लाइट’चं वादन तिथलंच आहे. आज ‘अभंग रिपोस्ट’सारखा मुंबईचा बँड संतांचे अभंग गिटार, बास आणि तबल्यासह गातो तेव्हा दोन बाजूंनी आक्षेप येऊ शकतात: भजनी माणूस म्हणेल हे भजन नाही, रॉकवाला म्हणेल हे रॉक नाही. दोघांची चूक एकच. मधली जागा रिकामी असते असं दोघांनाही वाटतं, आणि नवं संगीत तर नेहमी तिथेच उगवतं.

चौथा मुद्दा हक्काचा. ‘आम्ही त्यांना मोठं केलं. तिकीट आमचं, टी-शर्ट आमचा, तरुणपण आमचं. मग सांगायचा अधिकार आमचा नाही?’ नापसंत करायचा अधिकार पूर्ण आहे. कलाकाराने काय करावं हे ठरवायचा अधिकार मात्र तिकिटात येत नाही. बॉब डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ २० जुलै १९६५ ला निघालं. पाच दिवसांनी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि त्याची हुर्यो झाली. ती गिटारमुळे, खराब ध्वनियोजनेमुळे की कार्यक्रम लवकर आटोपल्यामुळे, यावर अजून वाद आहे. पण पुढच्या मे महिन्यात मँचेस्टरमध्ये गर्दीतून कोणीतरी त्याला ख्रिस्ताचा घात करणाऱ्या जुडासच्या नावाने हाक मारली, तिचा अर्थ स्पष्ट होता. तुझ्यावर आमची मालकी आहे आणि तू ती मोडलीस, असं ती हाक सांगत होती. ज्या अल्बमची ती सारी वर्दी होती, तो ‘हायवे ६१ रिव्हिजिटेड’ न्यूपोर्टनंतर महिन्याभराने, ऑगस्टच्या अखेरीस आला. निषेध करणाऱ्यांचं ऐकून डिलनने तो मागे घेतला असता तर कोणाचं भलं झालं असतं?

मुंबईच्या रॉकने तर हा मालकीहक्क फार जवळून सोसला आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या रॉक मशीन या बँडच्या काळात बँडकडून एकच अपेक्षा असे: परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवा. कॉलेजांच्या महोत्सवांत, धोबीतलावच्या रंगभवनात, १९८६ पासून भरू लागलेल्या इंडिपेंडन्स रॉकमध्ये गर्दीला ओळखीचा रिफ हवा असे. अशा हवेत रॉक मशीनच्या उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि त्यांच्या साथीदारांनी १९८८ मध्ये स्वतः रचलेल्या गाण्यांचा ‘रॉक एन रोल रेनिगेड’ काढला. १९९३ मध्ये त्यांनी नावच बदललं, इंडस क्रीड झाले, आणि १९९५ च्या अल्बममध्ये आपला रोखही बदलला. १९९७ मध्ये बँड थांबला. २०१० मध्ये पुन्हा जमला आणि २०१२ चा ‘इव्हॉल्व्ह’ घेऊन आला तो आणखी वेगळ्या, गुंतागुंतीच्या रचना घेऊन. विशाल ददलानी, रँडॉल्फ कोरिया, पापल माने आणि शिराज भट्टाचार्य यांच्या पेंटाग्रामने १९९६ च्या ‘वी आर नॉट लिसनिंग’मधला जड गिटारचा बाज मागे ठेवून २००२ च्या ‘अप’पासून इलेक्ट्रॉनिक आवाजांकडे मोर्चा वळवला. या दोन बँडांनी श्रोत्यांच्या सवयीला कौल दिला असता, तर भारतीय रॉकचा इतिहास म्हणून आपल्याकडे उत्तम नकलांची यादी शिल्लक राहिली असती.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं. ‘म्हणजे प्रयोग म्हटलं की टीका बंद? वाईट प्रयोग नसतात का? बाजार पाहून मऊ झालेले बँड नसतात का?’ असतात, आणि टीका हवीच. ‘प्रयोग’ हा शब्द ढाल म्हणून वापरणाऱ्या कलाकाराची बाजू मी घेत नाही. मेटॅलिकाचा २००३ चा ‘सेंट अँगर’ पाहा. डब्यासारखा वाजणारा स्नेअर ड्रम आणि गिटारच्या एकल वादनाला पूर्ण फाटा हे त्यातले निर्णय वीस वर्षांनंतरही बहुतेकांना पटलेले नाहीत. पण त्या टीकेत दम आहे, कारण ती काय केलं आणि ते का फसलं हे सांगते. स्नेअरचा आवाज बाकी वाद्यांना कसा झाकतो, गाणी गरजेपेक्षा कशी लांबतात, हे ती दाखवून देते. गाणं पूर्ण ऐकलेल्या माणसाचं हे बोलणं आहे.

‘जुन्यासारखं नाही’ हा टीकेचा मुद्दाच होऊ शकत नाही. ते निव्वळ निरीक्षण आहे, आणि गाण्याविषयी ते काहीच सांगत नाही. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. हा बदल गाण्याच्या आशयातून आला आहे का? सिंथ आला तो काही बोलतो, की नुसता झगमगाट करतो? गायकाने ओरडणं सोडलं तर त्या जागी त्याने काय ठेवलं? शेजारच्या गाण्यांबरोबर ते कसं उभं राहतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अल्बम आल्याशिवाय मिळतच नाही. म्हणून आधी आलेल्या गाण्याबद्दल मत द्या, बेधडक द्या, पण ते त्या गाण्याबद्दलचं मत असू द्या. त्याला बँडचा मृत्यूचा दाखला करू नका.

शेवटी त्या किमतीबद्दल बोलतो, कारण या लेखाचं खरं कारण ते आहे. लिंकिन पार्क किंवा मेटॅलिका आपल्या शिव्यांनी थांबत नाहीत. पण उपवनच्या कठड्यावर हे निकाल लागतात तेव्हा तिथे गिटारची पिशवी पाठीला लावलेली पोरंही बसलेली असतात. वर्तकनगरातल्या म्हाडाच्या चाळवजा इमारती जाऊन टॉवर उभे राहिले. घरात ड्रम वाजवायची सोय आधीही नव्हती, आताही नाही. ही पोरं लोकमान्यनगर, शिवाईनगर, डोंबिवली, कल्याणहून येऊन पैसे जमवतात, तासाच्या भाड्याने खोली घेतात, आणि मिळालेल्या दोन तासांत ठरवतात की ओळखीची कव्हरं घोटायची की स्वतःचं काही करून बघायचं. त्यांच्यातल्या एकाच्या डोक्यात ताशाची लय आणि सात मात्रांचा रिफ घोळत असतो. मोठ्या बँडने वेगळं केलं तर आपले मित्र त्याला कसं फाडून खातात हे तो रोज ऐकतो. ज्यांच्या पाठीशी लाखो चाहते आहेत त्यांना इथे सहा आठवड्यांची मुदत मिळत नाही, तर मला किती मिळेल, हा हिशेब त्याला कोणी शिकवावा लागत नाही. तो कव्हर वाजवतो. लोक खूश होतात. आणि मग तेच लोक विचारतात की ठाण्यातून स्वतःचा आवाज असलेला एखादा बँड का निघत नाही.

तो निघावा असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने श्रोता म्हणून आपलं काम आधी करायला हवं. अल्बम येईपर्यंत थांबायचं. आला की क्रम न मोडता, सलग ऐकायचा. मग आवडला नाही तर का नाही, हे इतक्या नेमकेपणाने सांगायचं की शेजारी बसलेल्या गिटारवाल्याला त्यातून काही शिकता येईल. अशी टीका कितीही कडक असली तरी तिने कोणाचं धाडस मरत नाही. न ऐकता दिलेल्या निकालाने मात्र मरतं, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच वस्तीत मरतं.